करेंट गेला तर कोण येणार?

मी भित्रा माणूस आहे. लिफ्टमध्ये शिरलो की दिव्याकडे बघतो, विमानात बसलो की पंखाकडे, आणि आमच्या शीतगृहात पाऊल टाकलं की भिंतीवरच्या तापमानाच्या आकड्याकडे. माझी थोरली बहीण मला आजही तम्मा म्हणते. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या मुरलंय की ताई, दादा हे शब्द आमच्याकडे फक्त पाहुण्यांच्या तोंडी ऐकू येतात. तर ही अक्का म्हणते की तम्मा जन्मला तोच दचकून, आणि त्यानंतर तो नीट सावरलाच नाही.

शीतगृह देवनहळ्ळीच्या किल्ल्यापलीकडे आहे. वडिलांनी ते बांधलं तेव्हा भोवती द्राक्षमळे होते, तुतीचे मळे होते. आता चारी बाजूंना ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून विकायच्या जमिनींच्या, कमानी उभ्या आहेत. कमानीवर कारंज्याचं चित्र, आत नुसत्या दगडी खुणा आणि गवत. विमानं इतक्या खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. वडील गेल्यावर शीतगृह अक्का आणि मी मिळून चालवतो. मोठ्या खोल्यांमध्ये द्राक्षं, गुलाबाची फुलं, चकोत्रं म्हणजे पपनसं असतात. त्यांची मला फार काळजी वाटत नाही. गुलाब सुकला तर गुलाबवाला ओरडेल, आपण ऐकून घेऊ. मला भीती वाटते ती शेवटच्या लहान खोलीची. तिथे रेशमाच्या किड्यांची अंडी असतात.

ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. खसखशीएवढी अंडी, कागदावर चिकटलेली. त्याला अंडीपुंज म्हणतात. आतली अळी तयार झाली की अंडं निळसर पडतं. मग ते काळ्या कापडात, पूर्ण अंधारात ठेवतात, म्हणजे मागेपुढे असलेली सगळी अंडी एका टप्प्यावर येतात. तुतीचा कोवळा पाला तयार झाला की कापड काढायचं. उजेड लागला की सगळी एकदम फुटतात. पाला तयार नसेल तर थंडीत ठेवून थोडे दिवस थोपवता येतं, आणि तेवढ्यासाठीच ती लहान खोली आहे. थंडी गेली, उजेड शिरला, की थोपवणं संपलं.

मी शाळेत होतो तेव्हा एकदा दिवसभर वीज गेली होती. संध्याकाळी वडिलांनी त्या खोलीचं दार उघडलं आणि मी त्यांच्या मागून डोकावलो. खसखशीला पाय फुटावेत तसं ते होतं. मुंगीपेक्षा बारीक, काळ्या अळ्या कागदभर पसरलेल्या, आणि प्रत्येक अळीनं डोकं वर केलेलं. पान शोधत होत्या. पान नव्हतं. वडील पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी अक्कानं ती खोली झाडून काढली. त्या दिवसापासून ती घरात खसखस आणत नाही, आणि अनारसे कोरडेच थापते.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे वीज. शीतगृह म्हणजे विजेवर चालणारं थंड कपाट. गेल्या काही वर्षांत बिल असं चढत गेलं की अक्कानं एक दिवस ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, यातून वाट काढ, नाहीतर आपणही कमान उभारू. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात आमच्या आत्येभावाचं शीतगृह आहे. खजूर, चिंच, मिरची असला माल ठेवतो. त्यानं सरकारी कंपनीऐवजी एका खासगी कंपनीकडून सौर आणि पवनचक्कीची वीज घ्यायला सुरुवात केली होती आणि भेटेल त्याला तो त्याचे गोडवे गात होता. आमच्याएवढी जोडणी असलेल्यांना आता तशी मुभा आहे. त्या कंपनीत थोडा हिस्सा घ्यायचा, बरीच वर्षं तिचीच वीज घेण्याचा करार करायचा, की दर उतरतो. ऐकायला छान होतं. मला मात्र ते नको होतं.

माझी भीती सरळ होती. आमच्या घरात सरकारी वीज कंपनीला अजून बोर्ड म्हणतात. बोर्ड कसंही असलं तरी ते ओळखीचं होतं. फ्यूज गेला की कुणाला फोन करायचा, तो उचलणार नाही तेव्हा दुसऱ्या कुणाला करायचा, हे आम्हाला पाठ होतं. आता कुठल्यातरी माळरानावरच्या पवनचक्कीशी आम्ही लग्न लावणार, आणि वारा पडला तर? ढग आले तर? आत्येभावाच्या खजुराला काय होणार आहे? खजूर वाळवंटातून आलेला असतो. माझ्याकडे जिवंत जीव होते.

आम्ही तीन कंपन्यांची माणसं बोलावली. अक्कानं तिघांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं, आणि तो तिनं माझ्या तोंडातूनच काढला होता. करेंट गेला तर कोण येणार?

पहिला महादेवपुऱ्याच्या काचेच्या इमारतीतून आलेला पुण्याचा तरुण होता. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर तो इतका खूश झाला की अर्धा वेळ बंगळुरात मिसळ कुठे मिळते यावरच गेला. मग त्यानं लॅपटॉप उघडून आलेख दाखवले. अक्कानं प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला की ॲप आहे, ॲपवर तक्रार टाकायची, लगेच ट्रॅक होते. अक्कानं विचारलं, ट्रॅक होते म्हणजे माणूस येतो का? तो हसला आणि त्यानं पुढचा आलेख दाखवला.

दुसऱ्यानं जाड माहितीपत्रक आणलं होतं. त्यात हिरवी टेकडी, पांढऱ्या पवनचक्क्या आणि पळणारी मुलं. त्यानं चोवीस तास चालणारा मदत क्रमांक दिला. अक्कानं तिथल्या तिथे तो लावून बघितला. बासरी वाजू लागली. ती बराच वेळ वाजत होती, आणि तेवढ्या वेळात तो माणूस दोन वेळा चहा छान झालाय म्हणाला.

तिसरी आली ती बेळगावकडची बाई होती, वयानं माझ्याएवढी. मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलायची. तिनं काही उघडलं नाही, काही पसरलं नाही. अक्कानं प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडचं कोणी येणार नाही बघा, अक्का. तार बोर्डाची, खांब बोर्डाचे, करेंट गेला की बोर्डाचाच माणूस येणार. आमची वीज तिकडं ग्रिडमध्ये पडते, तुम्ही इकडं काढता. बदलतो तो फक्त हिशेब."

मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ही नको. जी तोंडावर सांगते की कोणी येणार नाही, तिच्याशी इतक्या वर्षांचा करार करायचा म्हणजे काय? निदान पहिल्याकडे ॲप तरी होतं. ती गेल्यावर मी हे अक्काला सांगितलं. दर तिघांचे जवळजवळ सारखेच होते, त्यामुळे भांडायला दुसरं काही नव्हतं. अक्का भाजी निवडत होती. ती म्हणाली, दोघं मला बरं वाटावं म्हणून बोलले, हिनं जे आहे ते सांगितलं. मला हीच हवी. आमच्या घरात अक्कानं देठ मोडता मोडता केलेला निर्णय बदलत नाही. आम्ही सह्या केल्या. माझी सही इतकी वाकडी आली की ती दुसऱ्यांदा करावी लागली.

त्यानंतर परवानग्यांचे महिने गेले. मग नवा मीटर बसवायचा दिवस आला. त्यासाठी काही तास वीज बंद ठेवावी लागणार होती, म्हणून आम्ही डिझेलचा जनरेटर चालू केला. त्यानं आयुष्यात कधी केली नव्हती ती नाटकं त्या दिवशी केली. धूर सोडला, खोकला, बंद पडला, पुन्हा लागला, पुन्हा बंद पडला. त्या लहान खोलीत तेव्हा काही नव्हतं, हे आमचं नशीब. तरी मी त्या रिकाम्या खोलीतला आकडा चढताना बघत उभा होतो. मिस्त्रीनं नंतर काहीतरी बदललं आणि सरी, आता ठीक आहे, असं सांगितलं. मला त्या जनरेटरवर पुन्हा भरवसा ठेवता आला नाही.

त्यात बोर्डाचा लाइनमन. वडिलांच्या वेळेपासूनचा ओळखीचा माणूस. मीटरचं काम संपल्यावर हात पुसत तो हसून म्हणाला की आता तुम्ही आमचे राहिला नाहीत, आता वाऱ्याला फोन करा. तो थट्टा करत होता हे मला कळत होतं. कळून काही फायदा झाला नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

नवी वीज पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होणार होती, आणि नेमकी त्याच सुमाराला लहान खोली भरली. आमच्याकडे वर्षानुवर्षं अंडी ठेवणारे एक अण्णा आहेत. इथल्याच, देवनहळ्ळीजवळच्या विजयपुराच्या वाटेवर त्यांचं चॉकी केंद्र आहे. तिथे ते नुकत्या फुटलेल्या अळ्या थोड्या मोठ्या करून गावोगावच्या शेतकऱ्यांना देतात. त्यांच्या बोअरची मोटर जळली, तुतीला पाणी कमी पडलं, पाला मागे राहिला. म्हणून निळी पडलेली अंडी काळ्या कापडात बांधून ते घेऊन आले आणि अक्काच्या हातात देऊन म्हणाले, मी तिरुपतीला जाऊन येतो, तोवर पाला होईल. किती शेतकरी त्या अंड्यांची वाट बघतायत हे त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला माहीत होतं.

मी बेळगावच्या बाईंना फोन केला. पहिल्या तारखेला वीज एका क्षणापुरतीसुद्धा जाईल का? त्या म्हणाल्या, तुम्हाला कळणारही नाही. मी पुन्हा दोनदा फोन केला. प्रत्येक वेळी त्यांनी तेच सांगितलं, न चिडता. माझ्या डोक्याला ते पटलं होतं. पोटाला पटत नव्हतं. डोळे मिटले की एक मोठा खटका खाली पडतो, आमच्याकडची तार बोर्डाकडून सुटते आणि दुसरीकडे जोडली जाईपर्यंत मधल्या अंधारात ती लहान खोली गरम होत जाते, असं दिसायचं.

मी एकटाच घाबरलो असतो तर काही झालं नसतं. माझ्या घाबरण्याची घराला सवय आहे. पण या वेळी अक्काही घाबरली. आदल्या दिवशी सकाळी ती त्या खोलीच्या दाराशी नुसती उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "तम्मा, मला ते परत झाडायचं नाहीये." अक्काला घाबरलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

आम्ही ठरवलं की एका दिवसापुरती अंडी यशवंतपूरला आत्येभावाकडे ठेवायची, त्याच्याकडची अदलाबदल केव्हाच पार पडली होती. आधी अण्णांना विचारायला हवं म्हणून फोन लावला. तो बंद होता. तिरुपतीला दर्शनाच्या रांगेत शिरण्याआधी फोन जमा करावे लागतात, हे आम्हाला आठवलं. थांबायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाला थांबणं जमत नाही, त्याला काहीतरी करायचं असतं.

थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाच्या पिशव्या घातल्या, त्यावर कागद, त्यावर काळ्या कापडातली अंडी. गाडीचा एसी पूर्ण लावला. मी गाडी चालवत होतो, अक्का मागे पेट्यांना हात लावून बसली होती. हेब्बाळला आलो आणि अडकलो. पुढे एक टँकर, मागे विमानतळाची बस, वर ऊन. एसीचा वारा हळूहळू कोमट होत गेला. मी आरशात बघत होतो आणि अक्का पेटीकडे. बर्फ वितळला असेल, पाणी कागदातून वर आलं असेल, अंडी भिजली असतील, असं ती पुटपुटत होती. मग तिनं झाकण उघडलं आणि कापडाचं टोक उचलून आत बघितलं. थोडंसंच. पुन्हा थोड्या वेळानं बघितलं. मी तिला थांबवलं नाही, कारण मलाही जाणून घ्यायचं होतं. कोरडी आहेत, असं तिनं सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. खिडकीतून किती ऊन आत येतंय हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आत्येभावाची खोली खजुरासाठी होती. आमच्यापेक्षा कमी थंड. तेही आम्ही चालेल म्हणून चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या तारखेला, मी सकाळी देवनहळ्ळीला उभा राहून आकड्याकडे बघत होतो. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. कॉम्प्रेसर जसा रोज गुरगुरतो तसा गुरगुरत होता. फुलांच्या खोलीवरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, काय व्हायचं होतं? मला एवढा आनंद झाला की मी त्याला उगाच चहा पाजला. मग यशवंतपूरला जाऊन अक्का आणि मी पेट्या परत आणल्या.

लहान खोलीच्या दाराशी अक्कानं कापड सोडलं. तिनं ते लगेच परत झाकलं, पण मी बघितलं होतं. कागदभर बारीक काळं हलत होतं. सगळी नाही, पण निम्मी तरी फुटली होती. आणि डोकी वर होती.

यानंतरचा तास मला नीट आठवत नाही. शेजारच्या ले-आउटमध्ये न विकलेल्या प्लॉटांवर तुतीचे जुने खुंट अजून फुटतात, एवढं मला आठवलं, आणि मी पिशवी घेऊन धावलो. कोवळी पानं होती, हवी तेवढी. तोडायला हात पुढे केला आणि बाजूचं गवत पिवळं पडलेलं दिसलं. गवत मरावं म्हणून ले-आउटवाले औषध मारतात. पाला विषारी असला तर आहेत त्याही जातील, आणि नसला तर मी विनाकारण त्यांना उपाशी मारतोय. मी त्या झाडासमोर पिशवी धरून उभा राहिलो. मला एकही पान तोडता आलं नाही. रडू येत होतं, आणि आलं.

परत आलो तेव्हा अण्णा पोहोचले होते. बसमधून उतरून थेट आले होते. डोकं गुळगुळीत, कपाळावर नाम, हातात लाडवाची पिशवी. अक्कानं त्यांना खोलीशी नेलं होतं. त्यांनी कापड उचलून बघितलं आणि अक्काकडे वळून शांतपणे विचारलं,

"करेंट होय्ता?"

करेंट गेला का, एवढंच. माझ्या मनात काय आलं ते मला लपवायचं नाही. मला वाटलं, अक्का, हो म्हण. सगळ्यांनाच वाटतंय की नवी वीज दगा देणार. तो लाइनमनही साक्ष देईल. कुणी तपासणार नाही. वारा पडला म्हण.

अक्का म्हणाली, "नाही गेला. एकदाही नाही. आम्ही भ्यालो, आणि अंडी यशवंतपूरला नेली. वाटेत मी कापड उघडलं."

अण्णांनी कुणालातरी फोन केला. विजयपुराजवळ त्यांच्या मेव्हण्याचा मळा होता, तिथे थोडा पाला होता. पेट्या उचलून ते गेले. लाडवाची पिशवी अक्काच्या हातातच राहिली. काही अळ्या जगल्या, बऱ्याच गेल्या, असं नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. वाट बघणाऱ्या शेतकऱ्यांची त्या हंगामाची अळ्या वाढवायची पाळी चुकली. आम्ही अण्णांना भरपाई देऊ केली, ती त्यांनी अर्धीच घेतली.

लहान खोली रिकामी राहिली. मी आकडा तरीही बघत होतो. महिन्याचं बिल उतरलं होतं, बेळगावच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे, आणि त्याचा आनंद आम्हा दोघांनाही झाला नाही. अण्णा आता येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. वडिलांच्या वेळचं रेशमाचं काम त्या एका खोलीत उरलं होतं, आणि ते आम्ही घालवलं होतं. अक्का म्हणायची, येतील. पण म्हणताना माझ्याकडे बघायची नाही.

पुढच्या पाळीला अण्णा आले. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. हातात काळ्या कापडातला गठ्ठा. अक्का इतकी गडबडली की तिनं आधी खुर्ची दिली, मग ती काढून दुसरी दिली. अण्णा बसले नाहीत. त्यांनी कन्नडमध्ये जे सांगितलं ते साधारण असं होतं. "तू करेंट गेला म्हणाली असतीस तर मी अंडी दुसरीकडे नेली असती. मोटर जळाली तेव्हा मी स्वतः रात्रभर उठून तुतीला हात लावून बघत होतो. भीती काय, ती सगळ्यांच्याच घरी असते."

मग त्यांनी गठ्ठा अक्काला न देता माझ्या हातात दिला. तम्मा, तू ठेव म्हणाले. मी खोलीत गेलो. फळीवर गठ्ठा ठेवताना माझे हात थरथरत होते आणि ते अण्णांना दारातून दिसत होतं. थंडीमुळे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"भीती वाटतेय," मी म्हणालो.

"वाटू दे," अण्णा म्हणाले. "स्वल्प लवकर बाहेर ये आणि दार लाव."

मी बाहेर आलो आणि दार लावलं.